देखणी गाठ

वैर कसं धरावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं छोटीकडे यावं. तुमचंआमचं वैर ते काय! शेजाऱ्याशी चार महिने बोलायचं नाही आणि पाचव्या महिन्यात त्याच्याकडेच शिडी मागायला जायचं. छोटीनं वैर धरलं तेव्हा ती शाळेच्या गणवेशात होती. ते तिनं डॉक्टर होईपर्यंत जपलं, डॉक्टर झाल्यावर त्याला धार लावली, आणि मग त्याच वैऱ्याच्या हाताखाली नोकरी धरली. रोज सकाळी त्याला हसून ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणायची. बोला आता!

छोटी हे तिचं घरातलं नाव. धाकटी म्हणून पडलं ते चिकटलंच. आता तिला चष्मा लागलाय, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेत, मेडिकल कॉलेजातली पोरं तिला बघून उभी राहतात. पण दादा-वहिनींसाठी ती छोटीच, तेव्हा आपणही छोटीच म्हणू.

तिची आई टेलिफोनच्या ऑफिसात होती. बोलायला तिखट आणि हसायला मोकळी. तिचं पोट वाढायला लागलं तेव्हा ऑफिसातल्या बायकांनी तिला चिडवून बेजार केलं, की या वयात काय गं हे. ती म्हणायची, “भाडेकरू ठेवलाय. भाडं देत नाही नि जागाही सोडत नाही.” शेवटी पोट इतकं वाढलं की बुटाची नाडी बांधायला बाबांना खाली बसावं लागायचं. तपासलं तर अंडाशयाची गाठ. ऑपरेशन झालं आणि गाठ निघाली ती भोपळ्याएवढी.

काढलेली गाठ पॅथॉलॉजी विभागात जाते. तिथे ती कापतात, तुकडे घेतात, तुकड्यांचे पापुद्रे काचेवर चढवून मायक्रोस्कोपखाली बघतात, आणि मग सांगतात की साधी आहे की कॅन्सर. बाबा रिपोर्टची वाट बघत व्हरांड्यात बसले होते, शेजारी छोटी. तर विभागाचे प्रमुख, म्हणजे हेच ते सर, स्वतः चालत आले. पांढराशुभ्र कोट, चकचकीत बूट. म्हणाले, “अभिनंदन. साधी गाठ आहे. आणि काय देखणी आहे हो! एवढी मोठी, कुठे फाटलेली नाही, बाहेरून आरशासारखी गुळगुळीत. आमच्या म्युझियमला द्याल का? पोरांच्या पिढ्या शिकतील तिच्यावर.”

बाबांना काय करू नि काय नको असं झालं. एवढा मोठा डॉक्टर आपल्याकडे काहीतरी मागतोय! त्यांनी दोन्ही हात जोडून हो म्हटलं. आईला सांगितलं तर ती टाके धरून हसली. “मी मॅट्रिकला अडकले, पण माझी गाठ कॉलेजात गेली,” म्हणाली.

वर्ष सरायच्या आत आईचं पोट पुन्हा फुगायला लागलं. दुखतंय म्हणायची. पण रिपोर्ट साधा होता ना! बाबा म्हणाले गॅस असेल, दादा म्हणाला तू मनाला लावून घेतेस, घरचे डॉक्टर म्हणाले चालत जा जरा. अखेर पोटात पाणी झालं आणि त्या पाण्यात कॅन्सर सापडला, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, अंडाशयाची गाठ तर साधी होती, म्हणजे हा आतड्यातून आलेला असणार. मग आतडं शोधलं. वरून नळी, खालून नळी, पुन्हा वरून. आतड्यात काही नव्हतंच तर सापडणार काय, डोंबल! या शोधाशोधीत आई गेली. शेवटी शेवटी ती बोलतही नव्हती, आणि आई बोलत नाही हे घरात कुणालाच सहन होत नव्हतं.

म्युझियमच्या बरणीतली ती गाठ पुन्हा कापून बघावी असं कुणाच्याही मनात आलं नाही.

छोटी मेडिकलला गेली, त्याच कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला मुलांना म्युझियम दाखवतात. लांब खोली, दोन्ही बाजूंना काचेच्या बरण्या, बरण्यांत फॉर्मालिन आणि त्यात माणसांचं काय काय. मधोमध, वेगळा दिवा लावलेल्या कपाटात, सगळ्यांत मोठी बरणी. पाटीवर लिहिलेलं: अंडाशयाची साधी गाठ, चिकट पाण्याची. खाली आईचं वय आणि ऑपरेशनचं वर्ष. त्याखाली, संग्रह म्हणून, सरांचं नाव. बाकीची पोरं वा, बापरे करत होती. छोटी कपाटाच्या मागच्या बाजूला गेली. मागून गाठीला फक्त दोन चौकोनी खिडक्या पाडल्या होत्या, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या.

आणि त्याच आठवड्यात त्याच सरांनी वर्गात शिकवलं, “गाठीच्या दर सेंटिमीटरला निदान एक तुकडा. गाठ मोठी तर तुकडे जास्त. त्यातही चिकट पाण्याच्या गाठी महालबाड. आत खोल्याच खोल्या असतात. एका खोलीत सज्जन राहतो, पुढच्या खोलीत संशयित, आणि त्याच्या पुढच्या खोलीत दरोडेखोर. सगळी दारं ठोठावल्याशिवाय सही करायची नाही!” वर्ग खळखळून हसला. सर शिकवायचेच तसे, झकास.

छोटी हसली नाही. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. या माणसाला नियम माहीत होता. सगळी दारं ठोठावायची तर गाठीच्या चिंध्या झाल्या असत्या, मग बरणीत काय ठेवणार, कप्पाळ? गाठ देखणी राहावी म्हणून याने ती कापली नाही. चुकला असता तर गोष्ट वेगळी होती, चुकतो माणूस. पण याने आईचा जीव शोकेसमध्ये मांडला, वर दिवा लावला. त्या दिवशी वसतिगृहाच्या न्हाणीघरात नळ सोडून ती मनसोक्त रडली, आणि बाहेर आली ती ठरवूनच. या माणसाच्या तोंडून, चारचौघांत, वदवून घ्यायचं की हा कॅन्सर होता. दुसरं काहीही नको.

मग तिनं पॅथॉलॉजीच घेतली. चांगले मार्क होते, मैत्रिणी म्हणाल्या वेड लागलं का, डोळ्यांची डॉक्टर हो, त्वचेची हो. नाही. दुसऱ्या गावी शिकली, तिथं नाव काढलं, आणि जागा निघाली तशी परत येऊन सरांसमोर मुलाखतीला बसली. सरांना ती आठवत नव्हती. तिची आई तर नव्हतीच नव्हती.

म्युझियमच्या किल्ल्या मामांकडे असत. मामा म्हणजे तिथले जुने अटेंडंट, सगळ्या विभागाचे मामा. बरणीतलं पाणी पिवळं पडलं की बदलावं लागतं, आणि एवढ्या बरण्या म्हणजे मामांची कंबर मोडायची. छोटी सरांना म्हणाली, मी बघते ना मामांच्या मदतीला. सर गहिवरले. “बघा, या पिढीत अशी आस्था राहिली आहे कुठे!” असं बैठकीत म्हणाले आणि मामांकडची जोडकिल्ली स्वतः तिच्या हातात दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्या.

हिवाळ्यातल्या एका रविवारी, मामा चहाला गेलेले असताना, तिनं आईची बरणी उघडली. फॉर्मालिनचा भपकारा नाकात गेला, डोळे चुरचुरले. गाठ आता राखाडी पडली होती, हाताला जुन्या चामड्यासारखी लागत होती. दोन्ही हातांनी उचलताना ती पटकन म्हणून गेली, “आई, जरा दुखेल हं.” मग स्वतःचाच राग आला आणि तिनं सुरी हातात घेतली. मागच्या बाजूनं गाठ उभी चिरली, आतल्या एकूण एक खोलीची दारं उघडली, प्रत्येक खोलीतून तुकडा घेतला. मग बारीक दोऱ्यानं टाके घालून गाठ पुन्हा बरणीत बसवली. समोरून पाहणाऱ्याला शप्पथ काही कळलं नसतं.

स्लाइडी तयार झाल्या आणि ती बघायला बसली. पहिली साधी. दुसरी साधी. दहावी साधी. कसली भीती वाटत होती तिला, सांगू? कॅन्सर सापडणार नाही याची! माणसाचं मन म्हणजे काय चीज असते बघा. आईच्या शरीरात तो असावाच असं तिला वाटत होतं, अगदी जीव तोडून वाटत होतं.

आणि सापडला. एका तुकड्यात तिघंही शेजारी होते: इकडे साधा भाग, मधे संशयित, आणि पलीकडे, भिंत फोडून आत घुसलेला, कॅन्सर. तो आतड्यातून आलेला नव्हता, तिथंच जन्मलेला होता. छोटीला रडू यायला हवं होतं. तिला हसू फुटलं. “सापडलास,” ती मायक्रोस्कोपला म्हणाली.

तेव्हाच डीनसाहेबांकडे जायचं, म्हणाल. पण काय झालं असतं? साहेबांनी समिती नेमली असती, समितीनं बिस्किटं खाल्ली असती, आणि सरांना बंद खोलीत दोन गोड शब्द सुनावून मिटवलं असतं. आई बंद खोलीत मेली नव्हती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेली होती. छोटीला सभागृह हवं होतं. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि निरोपाच्या दिवशी त्यांचं व्याख्यान ठेवायचं ठरलं होतं. विषय त्यांचा आवडता: स्त्रियांच्या अंडाशयाच्या गाठी, त्यांचे प्रकार आणि प्रमाण. त्यांनी आयुष्यभर मोजलेल्या. छोटीनं तो दिवस धरून ठेवला.

उन्हाळ्यात एक गाठ आली. पोहणं शिकवणाऱ्या एका बाईंची. पोट वाढलं तरी त्या कित्येक महिने हसण्यावारी नेत होत्या, की मी आता बुडणारच नाही, आतच ट्यूब आहे. गाठ ट्रेमध्ये ठेवली आणि सगळा विभाग बघायला जमला. मोठी, गुळगुळीत, कुठे फाटलेली नाही. सरांचे डोळे लकाकले. “ही मीच कापणार,” म्हणाले. “माझी शेवटची. त्या मोठ्या बरणीशेजारी हिची जोडी लागेल.”

ट्रे छोटीच्या हातात होता. सरांनी मागच्या बाजूनं एक तुकडा घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि सुरी खाली ठेवली.

“सर, आणखी घेऊ या का?” हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, अगदी ओठांवर. तिनं ते गिळले. बोलले तर हा सावध होईल. एक तुकडा मागितला तर वीस घेईल, मग जुन्या बरण्याही उघडेल, स्वतःच कबूल करून साळसूदपणे मोकळा होईल, आणि माझं सभागृह बोंबलेल. गळाला लागत आलेल्या माशाला कुणी हाक मारतं का? शिवाय, तिनं स्वतःला सांगितलं, शंभरात ऐंशी गाठी साध्याच असतात. हीही असेल. आकडा खोटा नव्हता, सरांनीच पाठ करून घेतलेला होता. संध्याकाळी रिपोर्ट गेला, साधी गाठ. पोहण्याच्या बाईंनी सगळ्या विभागाला पेनं वाटली. छोटीनंही एक घेतलं.

निरोपाचा दिवस आला. सभागृह खच्चून भरलेलं, जुने विद्यार्थी गावोगावहून आलेले, पहिल्या रांगेत डीनसाहेब, सरांच्या पत्नी, मुलगी, जावई. सर बोलायला उभे राहिले आणि नेहमीसारखे रंगले. अंडाशयासारख्या बदामाएवढ्या अवयवात किती तऱ्हेच्या गाठी होतात ते सांगितलं. वरच्या सालीतून उगवणाऱ्या, त्या सगळ्यांत जास्त. बीजातून उगवणाऱ्या, ज्यांत केस, दात, कातडं असा अख्खा संसार निघतो, आणि त्या बहुतेक तरुण पोरींना. मधल्या भरावातून उगवणाऱ्या, ज्या कधी कधी शरीराचे रससुद्धा बिघडवतात. आणि पाहुण्या, म्हणजे दुसरीकडच्या कॅन्सरच्या, इथं मुक्कामाला आलेल्या. पडद्यावर रंगीत चक्र आलं. त्यातल्या बारीकशा लाल फाकेवर काठी ठेवून सर म्हणाले, “आणि चिकट पाण्याच्या गाठींत कॅन्सरचं प्रमाण आपल्याकडे इतकं कमी आहे, की बाहेरचे लोक मला विचारतात, तुमच्या पाण्यात काय आहे?”

सभागृह हसलं. छोटी मनात म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. दारच ठोठावलं नाही तर दरोडेखोर मोजणार कसे?

या विभागाची एक रीत होती. कुठल्याही बैठकीच्या शेवटी ‘आंधळी स्लाइड’ व्हायची. म्हणजे कुणीतरी एक स्लाइड पडद्यावर लावायची, बाईचं वय नाही, इतिहास नाही, काही नाही, आणि समोरच्यानं नुसती बघून ओळखायची. ही रीत सरांनीच पाडलेली. आणि ती गाठ आधी कुणी चुकीची वाचलेली असेल, तर त्याची ते अशी सालपटं काढायचे की लोक महिनाभर सांगून हसायचे.

“शेवटची आंधळी स्लाइड!” सर म्हणाले. “आहे का कुणी मला फसवणारं?”

“मी आहे, सर,” छोटी म्हणाली.

तिनं स्लाइड लावली. पडद्यावर गुलाबी-जांभळं चित्र पसरलं. सर दोन पावलं पुढे गेले, मान तिरकी केली आणि हसले.

“हे काय मला बालवाडीतलं देतेस? अंडाशय. चिकट पाण्याची गाठ. इकडे साधा भाग, इथून बिघडत चाललाय, आणि हा बघा, हा घुसला. कॅन्सर. शेंबडं पोरही सांगेल.”

“एकांनी ही साधी म्हणून सही केली होती, सर.”

“कोण हा गाढव?” सर सभागृहाकडे वळले. सगळे हसायला तयारच होते. “डोळे गहाण ठेवले होते का त्यानं? का तुकडे मोजता येत नव्हते? अरे, अशा माणसाच्या हातात सुरी नाही, झाडू द्यायला पाहिजे!” हशा उसळला. “बरं, बाईचं काय झालं?”

“गेली, सर. दीड वर्षात.”

“मग खटला भरायला हवा होता त्याच्यावर.”

“हो ना,” छोटी म्हणाली. “मामा, आणा.”

मामांनी ट्रॉली ढकलत आणली. वर मोठी बरणी होती. तिच्या सांगण्यावरून त्यांनी ती उलटी ठेवली होती, मागची बाजू लोकांकडे. टाके सगळ्यांना दिसत होते.

“म्युझियममधली आहे,” छोटी म्हणाली. “आयुष्यभर तुम्ही ती साधी म्हणून दाखवलीत. तुम्ही दोन तुकडे घेतलेत, कारण कापली तर देखणी राहिली नसती. मी सगळी कापली. पडद्यावर आहे तो तिचाच तुकडा आहे. ही माझ्या आईची गाठ आहे. तुम्ही व्हरांड्यात येऊन माझ्या बाबांना अभिनंदन म्हणाला होतात, आणि मी शेजारीच होते. आता म्हणा, सर. गाढव म्हणून झालंय, झाडू म्हणून झालंय. आता नाव घ्या.”

सरांची मुलगी अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. सर पडद्याकडे बघत राहिले, मग बरणीकडे. चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत कॉलरपर्यंत गेला. आणि छोटीला काय वाटलं म्हणाल, तर गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं, नखशिखांत. दया? छे, नावालाही नाही. आईनं शेवटच्या दिवसांत पाण्याचा घोटसुद्धा सुखानं घेतला नव्हता. हा चेहरा बघण्यासाठी तिनं तारुण्य घालवलं होतं आणि तिला ते स्वस्तात पडलं असं वाटत होतं.

“मी,” सर म्हणाले. “मीच.”

मग ते ट्रॉलीपाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून, बरणीला नाक लावून, टाक्यांकडे बघत राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि हा तर नुसता पीळच होता. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा तोंडी परीक्षा घेतानाचा होता.

“टाके मुरलेत. कधी कापलीस?”

“हिवाळ्यात.”

“आणि ती पोहण्याची बाई उन्हाळ्यात आली.” सर हळू बोलत होते, पण माइक अजून कोटाला अडकवलेला होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “मी तीन तुकडे घेतले. ट्रे कुणाच्या हातात होता? मी कसा कापतो हे त्या दिवशी या इमारतीत कुणाला ठाऊक होतं? मी मूर्ख होतो, कबूल. मला वाटत होतं माझं बरोबर आहे. तुला काय वाटत होतं?”

छोटीनं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, शंभरात ऐंशी.

“मला वाटलं साधीच असेल,” ती म्हणाली.

“मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं,” सर म्हणाले. हे त्यांनी माफ करायला म्हटलं नाही, चावा घ्यायला म्हटलं, आणि दात बरोबर लागला.

पुढे सभागृहात काय झालं ते छोटीला धड आठवत नाही. ती जिना उतरून म्युझियमकडे धावत सुटली होती, मागून मामा “अहो बाई, किल्ली, किल्ली!” ओरडत होते. पोहण्याच्या बाईंची नवी बरणी मोठ्या बरणीच्या रिकाम्या जागेशेजारीच होती. तिनं ती तिथल्या तिथे, नव्या साडीवर ॲप्रनही न घालता, उघडली. सगळी कापली. या खेपेला टाके घातले नाहीत. मामा तुकडे ठेवायच्या डब्या पुढे करत राहिले.

स्लाइडी यायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत तिनं कधी नव्हे ते देवाला वेठीला धरलं. साधी निघू दे, शंभरातली ऐंशीवाली निघू दे. हिवाळ्यात तिनं नेमकं उलटं मागितलं होतं, आणि तेव्हा देवानं ऐकलं होतं. या वेळी ऐकलं नाही. एका खोलीत होता. भिंत फोडून घुसलेला.

डीनसाहेब म्हणाले, पत्र पाठवू. छोटी म्हणाली, नाही, बाईंना मी सांगणार. फोन केला, बाई दुसऱ्या दिवशी आल्या. विभागाशेजारच्या त्या चिंचोळ्या खोलीत, जिथे दोन खुर्च्या आणि एक बंद पडलेला पंखा आहे, तिथे बसल्या. तलावावरून थेट आल्या होत्या, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

“काय हो डॉक्टर,” त्या हसत म्हणाल्या, “म्युझियमला आणखी एखादी हवीय का? तयार होतेय बहुतेक. पोट परत जरा फुगल्यासारखं वाटतंय. पण म्हटलं, रिपोर्ट साधा आहे, उगाच कशाला डोक्याला ताप.”

छोटीनं सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं. कॅन्सर आहे, उपचार आहेत, उशीर झालाय पण अजून हातात आहे, कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, इथून सरळ तिकडेच जायचं आहे. बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कुणी काढायचं विसरल्यासारखं.

“पण साधी होती ना?”

“तेव्हा थोडेच तुकडे तपासले होते. आता सगळी तपासली.”

“मग तेव्हाच का नाही सगळी तपासली?”

सर, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

“तपासायला हवी होती,” छोटी म्हणाली. “कापली सरांनी. पण शेजारी मी होते. कमी पडतंय हे मला दिसत होतं. मी बोलले नाही.”

“का?”

“मला त्यांना पकडायचं होतं. दुसऱ्या एका गोष्टीसाठी. त्याला वेळ होता.”

छोटीला वाटलं आता त्या ओरडतील, थोबाडीत देतील, आणि दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. बाईंनी टॉवेलनं मानेवरचं पाणी टिपलं, टॉवेलची घडी घातली, पर्समध्ये ठेवला.

“तुमचं नाव काय, डॉक्टर?” त्यांनी विचारलं. “पूर्ण नाव सांगा.”

छोटीनं सांगितलं. बाईंनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं, मग पुन्हा एकदा म्हटलं, आणि पर्स उचलून कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जायला निघाल्या.